अठ्ठावन्न दशांश दोन

पडद्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात एक आकडा उमटतो. तो बारीक असतो, करड्या रंगाचा, आणि त्याच्याकडे कुणी बघत नाही, कारण त्याच वेळी पडद्याच्या मधोमध माणसाचं आख्खं डोकं कापाकापानं उघडत असतं. हाड पांढरं, पाणी काळसर, मेंदू राखी. समोर हे चाललेलं असताना कोपऱ्यात कोण बघेल. तो आकडा म्हणजे सीटीच्या यंत्रानं त्या डोक्यात किती किरण ओतले त्याचं माप. पाच आठवड्यांपूर्वी, एका मंगळवारी सकाळी साडेनऊला, बासष्ट वर्षांच्या एका निवृत्त शिक्षकाच्या डोक्याखाली तो अठ्ठावन्न दशांश दोन होता. त्याच दिवशी अकरा वाजून दहा मिनिटांनी चार वर्षांच्या एका मुलीच्या डोक्याखालीही तो अठ्ठावन्न दशांश दोनच होता. यंत्र चालवणाऱ्या तंत्रज्ञ बाईला तो दिसला तो निव्वळ योगायोगानं. चष्म्याच्या काचेवर डाग होता. तिनं चष्मा काढून पुसला, परत घातला, आणि काच स्वच्छ झाली का हे बघायला पडद्यावरचं सगळ्यात बारीक अक्षर शोधलं.

या दोघांचा आकडा सारखा असू शकत नाही. चार वर्षांच्या मुलीच्या कवटीचं हाड पातळ, डोकं लहान. निम्म्या किरणांत तिचं चित्र पुरेसं स्वच्छ येतं. शिवाय तिच्या पेशी अजून वाढीच्या धांदलीत असतात, आणि त्यातल्या एखाद्या पेशीत आज काही बिघडलंच, तर ते बिघडलेलं सोबत घेऊन जगायला तिच्यापुढे सत्तर वर्षं पडलेली असतात. विभागात नव्यानं आलेल्या प्रत्येक तंत्रज्ञाला पहिल्याच दिवशी हे सांगायचं काम तिचं होतं. सतरा वर्षं ती ते सांगत आली होती. त्या मंगळवारी मुलीला टेबलावरून उतरवून आईच्या हातात दिल्यावर ती परत काचेमागच्या खोलीत आली आणि यंत्राच्या पोटात शिरली, म्हणजे त्या बटणाच्या मागे, जिथे एरवी कुणी जात नाही. बटणावर अस्वलाचं चित्र आहे. अस्वलावर बोट ठेवलं की लहान मुलाची मात्रा लागते, असं सगळे धरून चालले होते, तीही. फेब्रुवारीत कंपनीच्या माणसानं यंत्रात नवी प्रणाली भरली. तो दोन दिवस येऊन बसला होता, जाताना सगळं होतं तस्सं ठेवलंय म्हणाला होता. अस्वल होतं तस्संच होतं. त्याच्या मागचे आकडे मात्र कारखान्यातून आले तेव्हाचे झाले होते, मोठ्या माणसांचे. सात महिने. त्रेचाळीस मुलं.

सात महिन्यांत कुणाच्याच कसं लक्षात आलं नाही, असं तिनं स्वतःला इतक्यांदा विचारलं होतं की प्रश्न गुळगुळीत झाला होता. उत्तर मात्र टोचायचं. लक्षात आलं नाही, कारण चित्रं सुंदर येत होती. किरण कमी पडले तर चित्रावर वाळू भुरभुरल्यासारखी दिसते, मग डॉक्टर वैतागतात, फोन येतो, हे काय पाठवलंय म्हणून. किरण जास्त झाले तर काही बिघडलेलं दिसत नाही. चित्र आणखी नितळ होतं. या धंद्यात कमीची तक्रार असते. जास्तीला शाबासकी मिळते. विभागातले ज्येष्ठ तंत्रज्ञ, ज्यांना सगळे हलूनका म्हणतात, कारण तीस वर्षं प्रत्येक पेशंटला ते एवढंच सांगत आले आहेत, ते एप्रिलमध्ये एकदा पडद्यासमोर हात कमरेवर ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, "मॅडम, यंत्राला जवानी चढलीय बघा." ती हसली होती. पुढे चार दिवस जो येईल त्याला तिनं तो विनोद सांगितला होता.

आता बाहेर प्रतीक्षागृहात तिची धाकटी बहीण येऊन बसली असेल, किंवा बसायच्या बेतात असेल. चारची वेळ होती. काल संध्याकाळी तिचा फोन आला. ताई, भिंगरीचं डोकं दुखतंय गं, पंधरा दिवस झाले. शाळेतून आली की कपाळ धरून बसते. आमच्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिलीय, मागं पडली होती ना, म्हणून परत एक सीटी करून बघू म्हणाले. तूच करशील ना. तुझ्या हातचं चित्र चांगलं येतं म्हणतात. ती "ये" म्हणाली. फोन ठेवल्यावर कितीतरी वेळ ती स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिली आणि गॅसवर दूध आहे हे तिला ते उतू गेल्यावर कळलं.

भिंगरी म्हणजे बहिणीची मुलगी. चालायला लागल्यापासून ती सरळ कुठे जात नाही, गोल फिरत जाते, म्हणून भिंगरी. मार्चमध्ये ती अशीच फिरता फिरता दुमजली पलंगाच्या शिडीवरून पडली. कपाळावर टेंगूळ आलं. रडली, मग बिस्किट मागितलं, ते खाल्लं. ओकारी नाही, ग्लानी नाही, डोळ्यांच्या बाहुल्या सारख्या. अशा मुलाला चार तास नजरेसमोर ठेवायचं, बस. हे छापील आहे, तिच्याच विभागाच्या भिंतीवर चिकटवलेलं आहे. पण बहीण रडत होती आणि बहिणीचा नवरा येरझाऱ्या घालत म्हणत होता, "एकदाचं होऊन जाऊ दे ना, आपल्या मनाला शांती." आपल्या मनाला. आणि ती, छापील कागद स्वतः चिकटवलेली ती, म्हणाली, "चल, मी करून घेते." तेव्हा तिच्या आवाजात काय होतं ते तिला आज पाच आठवडे ऐकू येत होतं. मोठेपणा होता. घरातली एक बाई, जिच्या हातात एवढं मोठं यंत्र आहे. रांग नाही, वाट बघणं नाही, मावशीनं म्हटलं की दार उघडतं. तिनं भिंगरीला टेबलावर निजवलं, कपाळावर पट्टा बांधला, कानात म्हणाली, "पुतळा पुतळा खेळायचं." भिंगरी आयुष्यात पहिल्यांदा न फिरता पडून राहिली. तिनं अस्वलावर बोट ठेवलं. ते बोट तिचंच होतं, उजव्या हाताचं, नखाला किंचित चीर गेलेलं. चित्र आलं तेव्हा विभागप्रमुख डॉक्टर, ज्यांना सगळे नुसतं सर म्हणतात, उठून पडद्याजवळ आले. "याला म्हणतात चित्र," ते म्हणाले. आत काहीच नव्हतं, टेंगूळ सोडलं तर. बहीण गळ्यात पडली. त्या दिवशी ती घरी पायी गेली होती, इतकं छान वाटत होतं.

तिच्या छातीवर एक बिल्ला असतो. काडेपेटीएवढा. तिच्या वाट्याला किती किरण आले ते तो मोजतो. दर तीन महिन्यांनी तो सीलबंद पाकिटातून तपासायला जातो आणि त्याचा अहवाल येतो, दशांशाच्या पुढे दोन घरांपर्यंत. तिनं तो वाचला अशी सही घेतली जाते. मध्ये एका अहवालात आकडा नेहमीपेक्षा जरासा वर गेला, तर लेखी विचारणा झाली होती. ती कुठे उभी असते, तर शिशाच्या काचेमागे. काचेच्या पलीकडे टेबलावर जे मूल असतं, ज्याच्यातून किरण आरपार जातात, त्याला बिल्ला नाही. त्याचा आकडा पडद्याच्या कोपऱ्यात येतो आणि पुढचा पेशंट आला की दुसऱ्या पानावर जातो. त्याच्या आईबापाच्या हातात जो कागद पडतो त्यावर तो नसतो, कारण काही वर्षांपूर्वी कुणीतरी म्हणालं की लोक उगाच प्रश्न विचारतात. उगाच. आणि प्रश्न विचारलेच, तर ती काय सांगायची? "काही नाही हो, फोटो काढण्यासारखंच आहे." असं तिनं किती आयांना सांगितलं असेल. छातीच्या साध्या फोटोला जेवढे किरण लागतात त्याच्या शंभरपट डोक्याच्या सीटीला लागतात, हे ती परीक्षेत लिहून उत्तम गुण मिळवलेली बाई होती. परीक्षेत शंभरपट आणि दारात फोटो. यंत्रावर तिचा राग नव्हता. याच यंत्रानं गेल्या महिन्यात रस्त्यावर पडलेल्या एका मुलाच्या डोक्यात साकळणारं रक्त दाखवलं, अर्ध्या तासात त्याची शस्त्रक्रिया सुरू झाली, आता तो घरी धुमाकूळ घालतोय म्हणे. ज्याला गरज आहे त्यानं मागंपुढं बघूच नये. तिचा राग होता तो "उगाच" या शब्दावर. "एकदाचं होऊन जाऊ दे" यावर. आणि पत्रावर.

पत्र तिनंच लिहिलं होतं, त्या मंगळवारीच, संध्याकाळी. आकडे दुरुस्त करायला वीस मिनिटं लागली. सर स्वतः शेजारी उभे होते, चेहरा उतरलेला, आणि त्या वीस मिनिटांत तिला त्यांच्याबद्दल आदरच वाटला. "पालकांना कळवायलाच हवं," ते आपणहून म्हणाले होते. तिच्या पहिल्या मसुद्यात साधी पाच वाक्यं होती. तुमच्या मुलाच्या तपासणीत आमच्या चुकीमुळे आवश्यकतेच्या दुप्पट किरण वापरले गेले. धोका लहान आहे, पण आहे. पुढे कुठलीही तपासणी करण्यापूर्वी डॉक्टरांना हे सांगा. आमच्याशी बोला. आम्ही दिलगीर आहोत. मसुदा वर, व्यवस्थापनाकडे गेला आणि एका आठवड्यानं खाली आला; त्यातून "दुप्पट" गेलं होतं, तिथे "काहीसे अधिक" आलं होतं. पुन्हा गेला, पुन्हा आला; "चुकीमुळे" गेलं होतं, "तांत्रिक कारणास्तव" आलं होतं. तिसऱ्या वेळी धोका गेला. चौथ्या वेळी मुलंच गेली. उरलं होतं ते असं, की आपल्या सेवेसाठी आमच्या यंत्रणेत अलीकडे महत्त्वाच्या सुधारणा करण्यात आल्या आहेत हे कळवण्यास आनंद होतो. आनंद होतो. तो कागद तिनं हलूनकांना दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून वाचला आणि म्हणाले, "मॅडम, हे वाचून तर मलाच एक सीटी करून घ्यावीशी वाटायला लागली." त्रेचाळीसमधल्या एकोणीस मुलांना त्यांनी टेबलावर निजवलं होतं. आणि तो आनंदाचा कागदसुद्धा गेला नाही. तो योग्य वेळेची वाट बघत होता.

आणि ती? ती कशाची वाट बघत होती? हे तिनं स्वतःला विचारायचं टाळलं होतं, कारण वाट बघण्यात एक सोय होती. पत्र वरच्यांचं, उशीर वरच्यांचा, ती आपली आठवण करून देणारी. दर सोमवारी तिनं विचारायचं, त्यांनी जाईल म्हणायचं. आठवडाभर तिला आपण प्रामाणिक आहोत असं वाटायला तेवढं पुरत होतं. मधल्या काळात बहिणीकडे ती दोनदा जेवून आली. भिंगरीनं पाठीवर बसून तिचे केस विंचरले. बहीण म्हणाली, ताई, तू फार गप्प असतेस हल्ली. ती म्हणाली, काम. मुलं तिला नावांनी आठवत नव्हती, तुकड्यांनी आठवत होती. एकाच्या मोज्याला भोक होतं आणि त्यातून अंगठा बाहेर आलेला. एकीनं हातातला प्लास्टिकचा घोडा सोडायला नकार दिला, मग घोड्यासकट घेतलं. एकजण बाहेर आल्यावर म्हणाला, मला काहीच झालं नाही, आणि सगळे हसले. काहीच जाणवत नाही. चटका नाही, वास नाही, डाग नाही. ठेच लागली तर निदान मूल रडतं.

दार उघडलं आणि सर आत आले, हातात चहाचा कप. चार वाजायला दहा कमी होते.

"भाची येतेय म्हणे आज," ते म्हणाले. "तुमच्या बहिणीचा मला मेसेज होता सकाळी, चिठ्ठीही पाठवून दिली. मीच वाचतो म्हटलं चित्र. घरचंच माणूस."

"चिठ्ठी नीट बघितलीत सर? नुसतं डोकं दुखतंय. सकाळी उठताना नाही, उलट्या नाहीत, रविवारी दुखत नाही. याला सीटी लागत नाही."

"लागत नाही हे तुम्हालाही कळतं, मलाही कळतं. पण आईच्या मनाला कळत नाही ना." त्यांनी घोट घेतला. "आणि आता मात्रा बरोबर आहे, तुम्हीच रोज तपासता. काय भीती? मागच्या वेळचं तिचं चित्र मी अजून वर्गात दाखवतो, सांगितलं का तुम्हाला? लहान मुलाचा नॉर्मल मेंदू. उत्तम नमुना."

तिला प्रथम वाटलं आपण नीट ऐकलं नाही. "अजून दाखवता?"

"का?"

"ते का उत्तम आलंय ते माहीत झाल्यावरही?"

"चित्र ते चित्र आहे हो."

कपाच्या कडेला चहाचा एक ओघळ आला होता. तो खाली उतरत होता आणि ती त्याच्याकडे बघत राहिली. "पत्राचं काय झालं सर?"

"आज गुरुवार आहे," ते हसून म्हणाले. "तुम्ही सोमवारी विचारता." मग तिचा चेहरा बघून त्यांनी कप खाली ठेवला, आणि त्यांचा आवाज समजूतदार झाला. हा आवाज तिला जास्त असह्य होता. "हे बघा. तुम्ही विज्ञान शिकलेल्या आहात. काही हजारांत एखाद्याला, तेही वीस-तीस वर्षांनी, तेही झालं तर. आणि झालंच, तर ते आपल्यामुळे झालं की हवेमुळे की आजोबांकडून आलं, हे कुणालाही सांगता येणार नाही. कधीच नाही. तेवढ्यासाठी त्रेचाळीस घरांची झोप उडवायची? त्यांनी करायचं काय ते कळून?"

सगळं खरं होतं. एकही आकडा चुकीचा नव्हता. हे आकडे ती स्वतः शिकवत होती. धोका लहान आहे. लहान आहे म्हणून तर नीट सांगता येतो. पण तेच आकडे, तेच शब्द, या तोंडातून असे बाहेर येत होते की त्यांची पांघरुणं होत होती. कुणालाही कधीच सांगता येणार नाही: हे त्यांनी दुःखानं म्हणायला हवं होतं आणि ते सुटकेनं म्हणत होते. काच फोडली तर तुकडे पडतात, गाडी ठोकली तर पोचा येतो. इथे तुकडे वीस वर्षांनी पडणार, दुसऱ्याच्या घरात, आणि कुणी वर बघणारही नाही कुठून पडले म्हणून. त्यांनी करायचं काय, म्हणे. काय करायचं ते बाहेर बसलंच होतं की. तिची बहीण, शिकलेली, सावध, भाजी तीनदा धुणारी, चिठ्ठी आधी पाठवून दुसऱ्यांदा आली होती, हसत, कारण पहिल्यांदा काय झालं ते तिला माहीत नव्हतं. ज्याला कळलं आहे तो दुसऱ्या वेळी विचारेल, खरंच लागते का ही तपासणी. एवढंच करायचं. एवढंच त्रेचाळीस घरांकडून काढून घेतलं होतं, आणि वर त्यांची झोप सांभाळल्याचं पुण्य.

"झोप त्यांची आहे सर," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"उडवायची की ठेवायची, ते आपण कोण ठरवणार."

त्यांनी कप परत उचलला. "भावनेच्या भरात काही करू नका. तुमचंही बोट होतं त्या बटणावर, एवढं लक्षात ठेवा."

हे ते धमकी म्हणून बोलले की काळजीनं, तिला कळलं नाही, आणि गंमत म्हणजे त्यानं काही फरक पडला नाही. पाच आठवडे ज्या वाक्याला ती घाबरत होती ते कुणीतरी बोलून टाकलं होतं. बोललं गेल्यावर ते एवढंसं होतं. हो, होतं माझं बोट. तिनं बहिणीच्या डॉक्टरांची चिठ्ठी उचलली, घडी घालून खिशात ठेवली आणि दाराकडे वळली. कोपऱ्यात बसलेल्या हलूनकांनी इतका वेळ मान वर केली नव्हती. ती शेजारून गेली तसे ते हळूच म्हणाले, "मॅडम, माझी एकोणीस मी सांगेन."

प्रतीक्षागृहाच्या भिंतींवर जिराफ काढलेले आहेत, मुलांना भीती वाटू नये म्हणून. बहीण जिराफाखाली बसली होती, पर्स मांडीवर. भिंगरी शेजारच्या खुर्चीत पाय वर घेऊन गोष्टीचं पुस्तक वाचत होती; पुस्तक नाकाला इतकं टेकलेलं होतं की वाचतेय की हुंगतेय असा प्रश्न पडावा.

"आलीस? चल बाई, उरकून टाकू," बहीण उठली. "हिला पुतळा पुतळा खेळायचंय म्हणे. घरापासून तेच चाललंय. म्हटलं, घरी कधी पुतळा होत नाहीस ती."

"मावशी, मी शंभरपर्यंत पुतळा होऊ शकते," पुस्तकामागून आवाज आला.

ती भिंगरीसमोर उकिडवी बसली. "ते समोरचं दार आहे ना, त्यावर काय लिहिलंय, वाच बरं."

भिंगरीनं पुस्तक खाली केलं, डोळे बारीक केले, कपाळाला तीन आठ्या घातल्या. "कुठलं दार?"

"निळं."

"त्यावर लिहिलंय?" भिंगरी म्हणाली.

बहीण हसायला लागली आणि अर्ध्यात थांबली. तिनं दाराकडे बघितलं, मुलीकडे बघितलं. निळ्या दारावर वीतभर उंचीची अक्षरं होती, लाल दिवा लागला असताना आत येऊ नये. "अगं बाई," ती म्हणाली. "फळ्यावरचं दिसतं का तुला? मग सांगितलं नाहीस ते?" भिंगरीनं खांदे उडवले, तिला वाटत होतं सगळ्यांनाच असं दिसतं. बहिणीच्या चेहऱ्यावरून पंधरा दिवसांची काळजी सरसर उतरायला लागली. तिथेच थांबता आलं असतं. चष्म्याच्या दुकानाचा पत्ता सांगायचा, दोघींना दारापर्यंत सोडायचं, भिंगरीनं वाटेत दोन गिरक्या घ्यायच्या. आणि सोमवारी सरांना विचारायचं. ती सोय अजूनही शिल्लक होती. काचेमागच्या खोलीच्या दारातून सर बघत होते, कप हातात.

"ताई, तू वाचवलंस बघ," बहीण म्हणाली. "उगाच परत त्या यंत्रात घातली असती पोरीला. म्हणजे तसं त्यात काही नसतं म्हणा, फोटोच तो. तूच सांगितलं होतंस."

ती उठली. गुडघा वाजला. तिनं बहिणीचा हात धरून तिला पुन्हा जिराफाखाली बसवलं आणि स्वतः शेजारी बसली, इतकी जवळ की छातीवरचा बिल्ला बहिणीच्या खांद्याला लागला.

"फोटो नसतो तो. मी खोटं सांगितलं होतं. आणि मार्चमध्ये मी हिला लागतात त्याच्या दुप्पट किरण दिले. तपासणीची गरजही नव्हती. यंत्रातले आकडे चुकलेले होते, ते तेव्हा मला माहीत नव्हतं. पण पाच आठवडे झाले, माहीत आहे, आणि मी तुझ्याकडे दोनदा जेवून आले. धोका लहान आहे, तो किती लहान ते तुला कागदावर मांडून दाखवते, सगळं विचार, ओरड, काय करायचं ते कर. मग मला आत जायचंय. अशी आणखी बेचाळीस मुलं आहेत, आणि त्यांच्या घरी मी आजपासून फोन करणार आहे."